एझेड-८०० ची तयारी: ॲक्टिव्ह डिरेक्टरी घरच्या लॅपटॉपवर उभी करा, मोडा, दुरुस्त करा

नेटवर्कमधल्या डिरेक्टरी सर्व्हिसेसचे प्रशासन करता येते हे दाखवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या परीक्षा ॲक्टिव्ह डिरेक्टरीइतक्याच जुन्या आहेत; नेटवर्कमधले युजर, संगणक आणि त्यांचे हक्क एकाच जागी सांभाळणारी ही विंडोज सर्व्हरची सेवा. विंडोज २००० च्या काळात ७०-२१७ होती, सर्व्हर २००३ साठी ७०-२९४ आणि सर्व्हर २००८ साठी ७०-६४० आली, मग सर्व्हर २०१६ साठी ७०-७४२. जानेवारी २०२१ अखेर ही जुनी मालिका बंद झाली. आता तो विषय एझेड-८०० या परीक्षेत येतो. सर्व्हर, नेटवर्क, स्टोरेज आणि अझूर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडची जोडणीही तिच्यात आहे, पण सर्वांत मोठा वाटा अजून डिरेक्टरीचाच आहे.

एक गोष्ट पैसे भरण्याआधी माहीत हवी. एकटी एझेड-८०० उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. ‘विंडोज सर्व्हर हायब्रिड ॲडमिनिस्ट्रेटर असोसिएट’ या प्रमाणपत्रासाठी एझेड-८०१ सुद्धा द्यावी लागते. क्रमाचे बंधन नाही, तरी ८०० आधी द्यावी, कारण ८०१ मधली सुरक्षा, स्थलांतर आणि दुरुस्ती हे भाग तिच्याच पायावर उभे आहेत.

परीक्षेच्या अधिकृत पानावर अभ्यासक्रमाची यादी असते आणि ती मधूनमधून बदलते. ती छापून घ्या आणि तारीख ठरवण्याआधी पुन्हा एकदा पानाशी ताडून पाहा. पाच भागांचे वजन साधारण असे आहे: डिरेक्टरी सेवा ३० ते ३५ टक्के, आभासी यंत्रे आणि कंटेनर, नेटवर्क, स्टोरेज आणि फाइल सेवा या तिघांना प्रत्येकी १५ ते २० टक्के, आणि हायब्रिड वातावरणातले सर्व्हर सांभाळणे १० ते १५ टक्के. १००० पैकी ७०० गुण लागतात. हा मोजपट्टीवर बसवलेला गुणांक आहे, त्यामुळे ७० टक्के उत्तरे बरोबर आली म्हणजे ७०० झालेच असे धरून चालू नका. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

रोज तासभर आणि सुट्टीच्या दिवशी दोन-अडीच तास मिळत असतील, तर बारा आठवडे धरा. त्यातले सहा निव्वळ डिरेक्टरीला आणि डीएनएसला (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला) द्या. टक्केवारीच्या मानाने हा वेळ जास्त वाटेल. पण डीएचसीपी (यंत्रांना आयपी पत्ते वाटणारी सेवा), फाइल शेअर, ॲडमिन सेंटर, अझूरशी जोडलेली ओळख हे सगळे शेवटी डिरेक्टरीला विचारूनच चालते, त्यामुळे इथला पाया पक्का झाला की पुढचे भाग निम्म्या वेळात होतात. आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि डीएनएस नोंदी यांची ओळख नसेल, तर बारा आठवड्यांच्या आधी दोन आठवडे त्यासाठी राखा.

लॅबसाठी काय लागते

१६ जीबी रॅम, एसएसडीवर दीडशे जीबी मोकळी जागा आणि बायोसमध्ये सुरू केलेले व्हर्च्युअलायझेशन एवढे पुरते. लॅपटॉपवर विंडोज ११ प्रो असेल तर हायपर-व्ही (एका संगणकात आभासी यंत्रे चालवण्याची विंडोजची सोय) वापरा. तोही परीक्षेचा विषय आहे, एका कामात दोन साधतात. होम आवृत्तीत हायपर-व्ही नसते, तिथे व्हर्च्युअलबॉक्स घ्यावे. ८ जीबी रॅमवर दोन यंत्रे कशीबशी चालतील, पण रेप्लिकेशनचा (दोन सर्व्हरवरच्या डिरेक्टरीच्या प्रती जुळवत राहण्याचा) सराव करताना सगळे इतके रेंगाळते की बिघाड कशामुळे आहे आणि संथपणा कशामुळे, हे कळेनासे होते.

विंडोज सर्व्हर २०२२ ची मूल्यमापन आवृत्ती मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळते आणि १८० दिवस चालते. बसवल्यापासून १० दिवसांत ती इंटरनेटवरून सक्रिय करून घ्या, नाहीतर यंत्र आपोआप बंद पडू लागते. ग्राहक यंत्रासाठी विंडोज ११ एंटरप्राइजची मूल्यमापन आवृत्ती ९० दिवसांची असते, म्हणून ती पहिल्याच आठवड्यात बसवू नका.

चार यंत्रे लागतील: डीसी१ आणि डीसी२ हे डोमेन कंट्रोलर (डोमेनची, म्हणजे एकत्र सांभाळलेल्या युजर-यंत्रांच्या गटाची, डिरेक्टरी ठेवणारे सर्व्हर), एसआरव्ही१ हा साधा सदस्य सर्व्हर आणि सीएल१ हे ग्राहक यंत्र. सर्व्हरना प्रत्येकी २ जीबी रॅम द्या आणि ग्राहकाला ४. डीसी२ मुद्दाम सर्व्हर कोअर प्रकारात बसवा. खिडक्या नसल्या की पॉवरशेलला पर्याय राहत नाही, आणि परीक्षेत पॉवरशेलच्या आज्ञा ओळखाव्या लागतातच.

इथे नवशिक्यांचा हमखास घोटाळा होतो. पहिला सर्व्हर बसवला की त्याची डिस्क कॉपी करून बाकीचे बनवायचा मोह पडतो. कॉपीबरोबर यंत्राचा एसआयडीही (सुरक्षेसाठीचा ओळखक्रमांकही) तोच येतो. डीसी१ पहिला कंट्रोलर झाला की त्याच्या यंत्राचा एसआयडी हाच डोमेनचा एसआयडी होतो, आणि मग ती कॉपी डोमेनमध्ये घ्यायला गेलात की दोन्ही एसआयडी सारखे असल्याची तक्रार येऊन काम अडते. कॉपी करायचीच असेल तर आधी मूळ यंत्रावर सिसप्रेप हे यंत्राची खास ओळख पुसणारे विंडोजचे साधन चालवा, त्यात ‘जनरलाइझ’वर खूण करा, यंत्र बंद होऊ द्या आणि मगच डिस्क उचला.

उभारणी, याच क्रमाने

१. हायपर-व्हीत ‘इंटरनल’ प्रकारचा नवा स्विच करा. तयार मिळणारा ‘डिफॉल्ट स्विच’ टाळा. लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर त्याचा पत्ता बदलतो आणि स्थिर आयपीचे कंट्रोलर उघडे पडतात. लॅपटॉपच्या बाजूने नव्या स्विचला १९२.१६८.५०.१ द्या आणि ‘न्यू-नेटनॅट’ या आज्ञेने इंटरनेटची वाट करून द्या.

२. डीसी१ ला १९२.१६८.५०.१०, डीसी२ ला ५०.११, एसआरव्ही१ ला ५०.२० असे स्थिर पत्ते द्या आणि संगणकाची नावे आताच बदला. कंट्रोलर झाल्यावरही नाव बदलता येते, पण ती कटकट सुरुवातीला ओढवून घेऊ नये.

३. डीसी१ वर एडी डीएस (ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन सर्व्हिसेस) भूमिका बसवा आणि नवे फॉरेस्ट (डोमेनना सामावणारी सर्वांत वरची रचना) उभे करा. डोमेनला लॅब.टेस्ट हे नाव द्या. ‘टेस्ट’ हा शेवट चाचणीसाठीच राखून ठेवलेला आहे, खऱ्या इंटरनेटवरच्या कोणत्याही नावाशी तो टक्कर घेणार नाही. नेटबायोस नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. वाटेत डीएनएस डेलिगेशन तयार करता येत नाही असा पिवळा इशारा दिसेल. वरच्या पातळीवर तुमचा डीएनएस सर्व्हर नाही म्हणून तो येतो, बिनधास्त पुढे जा. डीएसआरएमचा (डिरेक्टरी दुरुस्तीसाठी कंट्रोलर सुरू करण्याच्या पद्धतीचा) पासवर्ड मात्र वहीत लिहून ठेवा, सहा आठवड्यांनी तो नक्की लागेल.

४. डीसी२ चा डीएनएस डीसी१ कडे वळवा, मगच त्याला त्याच डोमेनचा दुसरा कंट्रोलर करा. काम झाल्यावर डीसी१ चा पहिला डीएनएस ५०.११ आणि दुसरा १२७.०.०.१ ठेवा, डीसी२ वर उलट बाजूने तसेच. दोघे एकमेकांना आधी विचारतात, त्यामुळे यंत्र सुरू होताना डिरेक्टरी डीएनएससाठी आणि डीएनएस डिरेक्टरीसाठी थांबून राहण्याचा तिढा टळतो.

५. एसआरव्ही१ आणि सीएल१ डोमेनमध्ये घ्या. हे एकदा साध्या युजरच्या नावाने करून पाहा. ते होईल, कारण मूळ सेटिंगमध्ये कोणताही साधा युजर १० संगणक डोमेनमध्ये आणू शकतो. ही मर्यादा शून्यावर कशी आणायची ते शोधा. सुरक्षेच्या प्रश्नांत ती येते.

६. सगळी यंत्रे बंद करून प्रत्येकाचा एक चेकपॉइंट (पुन्हा परतता येईल अशी जतन केलेली स्थिती) घ्या. पुढे मागे जायचे झाले तर दोन्ही कंट्रोलर एकाच वेळी मागे न्या. एकट्याला मागे नेले तर त्याचे बदलांचे क्रमांक मागे सरकतात, दुसऱ्याला वाटते हे बदल आपल्याकडे कधीच आले, आणि दोघांच्या डिरेक्टऱ्या गुपचूप वेगळ्या होत जातात. सर्व्हर २०१२ पासून आभासी यंत्राच्या पिढी-ओळखीमुळे यावर बचाव आहे, पण व्हर्च्युअलायझेशनच्या सॉफ्टवेअरने ती ओळख पुरवली तरच तो चालतो. हा ‘यूएसएन रोलबॅक’ समजला की रेप्लिकेशनचे निम्मे कोडे सुटले.

डीएनएस आणि घड्याळ

डोमेनमध्ये काही चालत नसेल तर आधी डीएनएस बघायचा. ग्राहक यंत्र कंट्रोलरला नावाने ओळखत नाही. ते डीएनएसमध्ये एसआरव्ही नोंद (कोणती सेवा कोणत्या सर्व्हरवर आहे हे सांगणारी; एसआरव्ही१ शी तिचा संबंध नाही) शोधते आणि तिथून त्याला कंट्रोलरचा पत्ता मिळतो. सीएल१ च्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘इंटरनेटही चालावे’ म्हणून पहिला डीएनएस ८.८.८.८ लिहून पाहा आणि ‘एनएलटेस्ट’ने कंट्रोलर शोधायला सांगा. शोध फसेल. दुसरा डीएनएस डीसी१ लिहिलेला असूनही फसेल, कारण ८.८.८.८ ने ‘असे नाव नाही’ असे स्पष्ट उत्तर दिलेले असते. दुसरा सर्व्हर फक्त पहिला मुका राहिला तर विचारला जातो. म्हणून डोमेनमधल्या यंत्रावर फक्त डोमेनचे डीएनएस लिहायचे आणि बाहेरचा पत्ता कंट्रोलरच्या फॉरवर्डरमध्ये टाकायचा.

फॉरवर्डर, कंडिशनल फॉरवर्डर, स्टब झोन आणि सेकंडरी झोन यांतला फरक लॅबमध्ये एकदा स्वतः करून पाहिला की विसरत नाही. वाचून मात्र दर आठवड्याला विसरतो. स्कॅव्हेंजिंगचे (जुन्या नोंदी आपोआप साफ करण्याचे) दोन मूळ अवधी सात-सात दिवसांचे असतात, आणि ते सर्व्हरवर व झोनवर अशा दोन्ही ठिकाणी सुरू करावे लागते. एकाच ठिकाणी केले तर जुन्या नोंदी तशाच पडून राहतात.

घड्याळाचे कारण कर्बेरॉस, म्हणजे डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत. तिकिटावर वेळेचा शिक्का असतो आणि मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांपर्यंतचाच फरक खपतो. फॉरेस्टच्या मूळ डोमेनमधल्या पीडीसी एम्युलेटरने (पुढच्या भागातल्या पाच भूमिकांपैकी ही भूमिका असलेल्या कंट्रोलरने) बाहेरच्या एनटीपी सर्व्हरकडून वेळ घ्यायची आणि बाकीच्यांनी डोमेनच्या उतरंडीतून. आभासी कंट्रोलरला लॅपटॉपकडूनही वेळ मिळत असते, म्हणजे एका घड्याळाला दोन मालक. पीडीसी एम्युलेटर असलेल्या यंत्रावर हायपर-व्हीची टाइम सिंक सेवा बंद करा. मग डीसी२ वर वेळेची सेवा थांबवा, घड्याळ वीस मिनिटे पुढे ढकला आणि ‘रेपॲडमिन’ने रेप्लिकेशनचा गोषवारा मागवा. जी चूक दिसेल ती वाचा आणि नोंदवा.

काही पोर्ट पाठ हवेत: डीएनएस ५३, कर्बेरॉस ८८, आरपीसी १३५, एलडॅप ३८९, एसएमबी ४४५, पासवर्ड बदल ४६४, एलडॅपएस ६३६, ग्लोबल कॅटलॉग ३२६८ आणि ३२६९.

पाच भूमिका आणि त्या हिसकावण्याचा सराव

काही कामे एका वेळी एकाच कंट्रोलरकडे सोपवलेली असतात, त्या या पाच भूमिका. स्कीमा मास्टर आणि डोमेन नेमिंग मास्टर या भूमिका फॉरेस्टमध्ये एकेकच. आरआयडी मास्टर, पीडीसी एम्युलेटर आणि इन्फ्रास्ट्रक्चर मास्टर प्रत्येक डोमेनमध्ये एकेक. यादी सगळे पाठ करतात. परीक्षेत विचारतात ते वेगळे: अमुक भूमिकेचा सर्व्हर बंद पडला तर सर्वांत आधी कोणाची तक्रार येईल? पीडीसी एम्युलेटर गेला तर पासवर्ड बदल आणि वेळ यांचे दुखणे लगेच जाणवते. आरआयडी मास्टर गेला तर बरेच दिवस कोणाला पत्ताही लागत नाही, कारण प्रत्येक कंट्रोलरकडे नव्या खात्यांसाठी ५०० क्रमांकांचा साठा असतो. तो संपला की त्या कंट्रोलरवर नवे युजर, ग्रुप किंवा संगणक तयार होईनासे होतात. स्कीमा मास्टरची आठवण स्कीमा (डिरेक्टरीत काय साठवता येते याचा आराखडा) वाढवायची वेळ येईपर्यंत कोणालाच येत नाही.

आता चेकपॉइंट हाताशी ठेवून डीसी१ ची वीज तोडा आणि तो कायमचा गेला असे समजा. डीसी२ वरून ‘मूव्ह-एडीडिरेक्टरीसर्व्हरऑपरेशनमास्टररोल’ ही आज्ञा ‘फोर्स’सह चालवून पाचही भूमिका हिसकावून घ्या. मग एसआरव्ही१ वर बसवलेल्या साधनांतून डीसी१ चे संगणक-खाते उडवा. सर्व्हर २००८ पासून त्याबरोबर मागचा मेटाडेटाही साफ होतो. डीएनएसमधल्या आणि साइट्समधल्या उरलेल्या नोंदी हाताने बघा. हिसकावलेल्या भूमिकेचा जुना मालक पुन्हा नेटवर्कवर आणायचा नाही, हा नियम पक्का ठेवा. दोन आरआयडी मास्टर एकाच वेळी जागे झाले तर एकच क्रमांक दोन खात्यांना वाटला जाऊ शकतो.

साइट्स आणि रेप्लिकेशन

पुणे आणि रत्नागिरी अशा दोन साइट (डिरेक्टरीत नोंदवलेली ठिकाणे) करा, दोन सबनेट जोडा आणि डीसी२ ला रत्नागिरीत हलवा. एकाच साइटमध्ये बदल झाल्यावर १५ सेकंदांत पहिल्या सोबत्याला खबर जाते. साइट वेगळ्या झाल्या की मूळ अवधी १८० मिनिटांचा होतो आणि तो १५ मिनिटांपर्यंतच खाली आणता येतो. पुण्यात युजर तयार करून रत्नागिरीत शोधा, तो दिसणार नाही. ‘रेपॲडमिन’ने ढकला, दिसेल. साइट लिंकची मूळ किंमत १०० असते आणि कमी बेरजेची वाट निवडली जाते. जोडण्यांचा आराखडा केसीसी (रेप्लिकेशनच्या वाटा आखणारी कंट्रोलरवरची प्रक्रिया) दर १५ मिनिटांनी तपासत असतो, त्यामुळे हाताने जोडण्या करण्याचा मोह आवरा. हाताने केलेली जोडणी केसीसी मोडत नाही आणि रचना बदलली तरी ती अडथळा बनून तशीच राहते.

कुठलाही सबनेट कुठल्याच साइटला जोडलेला नसेल तर तिथले यंत्र कोणत्याही कंट्रोलरकडे जाते, कदाचित सर्वांत लांबच्या. ‘रत्नागिरीच्या कार्यालयात लॉगऑनला फार वेळ लागतो’ अशा धाटणीच्या प्रश्नात पहिला संशय यावरच घ्या.

ग्रुप पॉलिसी आणि पासवर्ड

युजरना आणि यंत्रांना एका जागेवरून सेटिंग देणाऱ्या ग्रुप पॉलिसी लागू होण्याचा क्रम लोकल, साइट, डोमेन, ओयू (डोमेनमधला उपविभाग) असा आहे. शेवटी लागणारी जिंकते. ‘एन्फोर्स्ड’ केलेली पॉलिसी खालच्या ओयूने वारसा अडवला तरी घुसते. ग्राहक यंत्रे दर ९० मिनिटांनी, त्यात ३० मिनिटांपर्यंतची यादृच्छिक भर घालून, पॉलिसी ताजी करतात. कंट्रोलर दर ५ मिनिटांनी.

वर्षानुवर्षे लोकांना छळणारा एक बारकावा आहे. पॉलिसी एकाच ग्रुपला लागू व्हावी म्हणून सिक्युरिटी फिल्टरिंगमधून ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ काढून टाकतात आणि तिथे आपला ग्रुप घालतात. युजरसाठीची पॉलिसी मग कोणालाच लागत नाही. जून २०१६ च्या सुरक्षा दुरुस्तीपासून युजरची पॉलिसीसुद्धा संगणकाच्या ओळखीने वाचली जाते, आणि संगणकाला आता ती वाचायची परवानगीच उरलेली नसते. ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ला फक्त वाचनाचा हक्क परत दिला की काम होते. लॅबमध्ये हे करून ‘जीपीरिझल्ट’चा अहवाल दोन्ही वेळा काढा आणि शेजारी ठेवून वाचा.

पासवर्डची साधी पॉलिसी डोमेनच्या पातळीवर जोडलेल्या जीपीओतूनच (ग्रुप पॉलिसीच्या संचातूनच) डोमेनच्या खात्यांना लागते. ओयूला जोडली तर ती त्या ओयूतल्या संगणकांच्या लोकल खात्यांपुरती उरते. वेगवेगळ्या लोकांना वेगळे नियम हवे असतील तर पीएसओ (पासवर्डच्या नियमांचा स्वतंत्र संच) करावा लागतो, आणि तो युजरला किंवा ग्लोबल सिक्युरिटी ग्रुपलाच लागतो, ओयूला नाही. एका युजरला एका ग्रुपमार्फत प्राधान्य ५ चा, दुसऱ्या ग्रुपमार्फत १० चा आणि थेट नावावर २० चा पीएसओ असेल तर कोणता लागेल? २० चा. थेट लावलेला नेहमी वरचढ. ग्रुपमधून आलेल्यांत मात्र लहान आकडा जिंकतो. पाच-सहा युजर घेऊन असे उखाणे स्वतःच घाला आणि ‘गेट-एडीयूजररिझल्टंटपासवर्डपॉलिसी’ने उत्तर तपासा.

हरवलेले परत आणणे, आणि सेवांची खाती

डिरेक्टरीचा रिसायकल बिन सुरू करा. एकदा सुरू केला की बंद करता येत नाही. ‘चुकून डिलीट होण्यापासून संरक्षण’ ही खूण काढून पन्नास युजर असलेला एक ओयू उडवा आणि परत आणा. आधी ओयू, मग आतले युजर; उलट केलेत तर युजरना परत जायला घरच नसते. बिन नसलेल्या जुन्या फॉरेस्टसाठी डीएसआरएममध्ये जाऊन ‘एनटीडीएसयूटिल’ने अधिकृत पुनर्स्थापना करायची पद्धतही एकदा करा, वहीत लिहिलेला पासवर्ड इथे लागतो. टूमस्टोनचा (डिलीट केलेल्या नोंदीची खूण राखून ठेवण्याचा) मूळ कालावधी १८० दिवसांचा आहे, त्याहून जुना बॅकअप निरुपयोगी.

सेवांसाठी जीएमएसए खाते (ज्याचा पासवर्ड डिरेक्टरीच सांभाळते) करताना केडीएसची (ते पासवर्ड बनवणाऱ्या सेवेची) मूळ किल्ली तयार केल्यावर १० तास थांबावे लागते, कारण ती सगळ्या कंट्रोलरपर्यंत पोचावी अशी अपेक्षा असते. लॅबमध्ये किल्ली लागू होण्याची वेळ १० तास मागची देऊन ही वाट पाहणे टाळता येते. हाच तपशील प्रश्नात पर्याय म्हणून दिसतो.

अझूरकडची बाजू

जुन्या साहित्यात ‘अझूर एडी’ असेल तिथे ‘एंट्रा आयडी’ वाचा; २०२३ मध्ये नाव बदलले. तुमची डिरेक्टरी ढगातल्या (क्लाउडमधल्या) एंट्रा आयडीशी जुळवणारे एंट्रा कनेक्ट सिंक डोमेनमधल्या, खिडक्या असलेल्या सर्व्हरवर बसते, सर्व्हर कोअरवर नाही. बदल दर ३० मिनिटांनी वर जातात, पासवर्डचे हॅश दर २ मिनिटांनी. टेस्ट किंवा लोकल असा शेवट असलेले लॉगऑन नाव ढगात चालत नाही, तिथे युजरला ऑनमायक्रोसॉफ्टचा शेवट मिळतो. स्वतःचे डोमेन नाव असेल तर त्याचा यूपीएन सफिक्स (लॉगऑन नावाचा शेवट) आधी जोडा आणि मग सिंक सुरू करा.

पासवर्ड हॅश सिंक घ्यावे की पास-थ्रू, हे प्रश्नातल्या एकाच वाक्यावर ठरते. कार्यालयाचे इंटरनेट तुटले तरी लोकांना ढगात जाता आले पाहिजे, असे लिहिले असेल तर हॅश सिंक. लॉगऑनच्या वेळांचे बंधन तत्क्षणी पाळले गेले पाहिजे, असे असेल तर पास-थ्रू, कारण तिथे प्रत्येक वेळी तुमच्याच कंट्रोलरला विचारले जाते. एंट्रा डोमेन सर्व्हिसेस हे तिसरे प्रकरण. ते मायक्रोसॉफ्ट सांभाळत असलेले डोमेन आहे, त्यात तुम्हाला डोमेन ॲडमिनचे हक्क मिळत नाहीत, आणि फक्त ढगातल्या युजरने एकदा पासवर्ड बदलल्याशिवाय त्याला तिथे लॉगऑन करता येत नाही.

उरलेले भाग

डीएचसीपी फेलओव्हर दोनच सर्व्हरमध्ये आणि फक्त आयपीव्ही४ साठी होतो. हॉट स्टँडबायमध्ये ५ टक्के पत्ते राखीव असतात. डोमेनमधल्या डीएचसीपी सर्व्हरला डिरेक्टरीत अधिकृत करावे लागते. आयपॅम (आयपी पत्त्यांचा हिशेब ठेवणारी सेवा) कंट्रोलरवर बसवू नये. अझूर फाइल सिंकमध्ये एका सिंक ग्रुपला एकच ढगातले टोक असते, आणि सी ड्राइव्हवर क्लाउड टायरिंग चालत नाही. हायपर-व्हीच्या आत हायपर-व्ही चालवायचे असेल तर यंत्र बंद असतानाच ती परवानगी द्यावी लागते. दर भागाला एक आठवडा पुरे, पण प्रत्येक गोष्ट एकदा तरी हाताखालून जाऊ द्या.

प्रश्न वाचण्याची सवय

‘कमीत कमी हक्क देऊन’ किंवा ‘कमीत कमी प्रशासकीय श्रमात’ हे शब्द दिसले की दोन-तीन पर्याय तांत्रिकदृष्ट्या बरोबर असणार, हे ओळखा. म्हणून लॅबमध्ये प्रत्येक काम जमल्यावर, ते याहून लहान हक्काने होते का, हे तपासून एक तक्ता भरत जा. डीएचसीपी अधिकृत करायला एंटरप्राइझ ॲडमिन्स. स्कीमा बदलायला स्कीमा ॲडमिन्स. जीपीओ तयार करायला ग्रुप पॉलिसी क्रिएटर ओनर्स, पण या ग्रुपला तो जोडता येत नाही. पासवर्ड रीसेट करायला त्या ओयूपुरते डेलिगेशन. हा तक्ता शेवटच्या आठवड्यात सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

मायक्रोसॉफ्टची फुकट सराव चाचणी दहाव्या आठवड्याच्या आधी देऊ नका. ८० टक्क्यांच्या वर सलग तीनदा आलात आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे कारण लॅबमध्ये दाखवू शकलात की तारीख घ्या. बाजारात ‘खरे प्रश्न’ म्हणून विकले जाणारे संच घेऊ नका. गोपनीयतेच्या करारामुळे निकाल रद्द होऊ शकतो, परीक्षेला बंदी येऊ शकते, आणि त्यांतली उत्तरे बऱ्याचदा चुकीची असतात.

नोंदणी आणि परीक्षेचा दिवस

नोंदणी पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होते, केंद्रावर किंवा घरून. खात्यातले नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळले पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये असते, दुसऱ्यावर आडनाव आधी असते, लग्नानंतर एकच कागद बदललेला असतो. नोंदणीच्या आधी ओळखपत्र समोर ठेवून इंग्रजी स्पेलिंगसकट नाव दुरुस्त करा; परीक्षेच्या दाराशी ते करता येत नाही.

परीक्षा मराठीत नाही. आपल्या पसंतीच्या भाषेत परीक्षा नसेल तर ३० मिनिटे जादा मागता येतात. हा अर्ज तारीख घेण्याच्या आधी मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून तो दहाव्या आठवड्यातच करा. १०० मिनिटांच्या परीक्षेत लांबलचक इंग्रजी प्रसंग वाचायचे असतात, तिथे हा अर्धा तास फार मोलाचा ठरतो.

घरून द्यायची असेल तर खोलीत दुसरे कोणी नको, एकच मॉनिटर हवा, फोन हाताच्या अंतरावर नको, आणि प्रश्न पुटपुटत वाचायचा नाही. लोडशेडिंगचा भरवसा नसेल तर राउटरलाही इन्व्हर्टर हवा. तेवढी सोय नसेल तर सरळ केंद्र निवडा.

असोसिएट पातळीच्या परीक्षेत मायक्रोसॉफ्ट लर्नची पाने उघडायची मुभा आहे, पण घड्याळ थांबत नाही. आज्ञेचा एखादा पर्याय आठवत नसेल तर तेवढ्यापुरती ती वापरा. संकल्पना तिथे शिकायला गेलात तर वेळ हातातून जातो. हो-नाही प्रकारच्या मालिकेतून पुढे गेल्यावर मागे येता येत नाही. मध्येच उठून विश्रांती घेतलीत तर आधी पाहिलेले प्रश्न कायमचे बंद होतात, म्हणून उठण्याआधी खूण केलेले प्रश्न निकाली काढा. केस स्टडीत आधी प्रश्न वाचा, मग गरजांचे टिपण, आणि सध्याच्या रचनेचे वर्णन सर्वांत शेवटी.

निकाल लगेच पडद्यावर येतो आणि अहवालात प्रत्येक भागातली ताकद पट्ट्यांनी दाखवलेली असते. नापास झालात तर दुसरा प्रयत्न २४ तासांनंतर करता येतो, त्यापुढचे प्रयत्न १४-१४ दिवसांनी, आणि १२ महिन्यांत एकूण पाच. चोवीस तासांत पुन्हा बसू नका. सर्वांत आखूड पट्टीचा भाग घ्या, लॅब चेकपॉइंटवर मागे न्या आणि तो भाग पहिल्या पायरीपासून पुन्हा उभा करा.

उत्तीर्ण झालात तरी लॅब पुसू नका, एझेड-८०१ साठी हीच यंत्रे लागतील. दोन्ही झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र एक वर्ष टिकते. मुदत संपण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत नूतनीकरणाची चाचणी घरूनच, फुकट देता येते. तिची तारीख प्रमाणपत्र हाती आले त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये लिहा, कारण मुदत उलटली तर दोन्ही परीक्षा पैसे भरून पुन्हा द्याव्या लागतात.